तेव्हाची मी मूर्ख, की आताची?

पत्र :

सर, आम्ही आठ जणी दर महिन्याला एक कादंबरी वाचतो आणि पहिल्या रविवारी एकीच्या घरी जमून तिच्यावर बोलतो. मागच्या वेळी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' होती. एकीने अर्धी पानं पेन्सिलीने रंगवून आणली होती, इतकी तिला आवडली. दुसरीने दोन रात्रींत संपवली आणि 'पण यात गोष्ट कुठेय?' असं विचारलं. मी साठाव्या पानाशी अडकले ती अडकलेच. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, 'तुझा दोष नाही गं, लायब्ररीतलं वाचून वाढलेली तू. अभिरुची घडायची राहून गेली.' घरी आले आणि तिरीमिरीत कर्णावरची 'मृत्युंजय' काढली. अकरावीच्या सुट्टीत ती वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. म्हटलं, पुढच्या वेळी हिच्यावर बोलून दाखवते. तर सर, शंभर पानंही होईनात. वाक्यं संपतच नाहीत! म्हणजे 'कोसला' कळण्याइतकी मी मोठी झाले नाही आणि 'मृत्युंजय' आवडण्याइतकी लहान राहिले नाही. तेव्हाची मी मूर्ख होते, की आताची आहे? आणि पुढचं पुस्तक मतदानाने ठरवायचं की बाईंनी सांगायचं, यावरूनही आमच्यात जुंपली आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई,

कुणीच नाही. अकरावीतल्या तुम्हीही शहाण्याच होता आणि आजच्याही आहात. मधल्या काळात तुमची वाचायची तऱ्हा बदलली, आणि कादंबरीबद्दलचं मत निम्मं तरी त्या तऱ्हेवर ठरतं. ती कोणत्या वयात हातात पडली, सलग वाचली की तुकड्यातुकड्यांनी, किती दिवसांत परत करायची होती, आसपासचे लोक तिच्याबद्दल काय बोलत होते. पुस्तक चांगलं की वाईट यावर आपण तावातावाने भांडतो, पण हे कुणी कुणाला विचारत नाही.

आधी बाईंचं वाक्य निकालात काढू. तुम्ही लायब्ररीतलं वाचून वाढलात हे खरंच आहे. महाराष्ट्रात कादंबऱ्या वाचणारे बहुतेक लोक तसेच वाढले. पण बाईसुद्धा कशावर तरी वाढल्याच की! त्या नेमलेल्या पुस्तकांवर वाढल्या. नेमलेली कादंबरी माणूस पेन्सिल हातात घेऊन वाचतो. अडलं तरी पुढे जातो, कारण सोडायची सोय नसते. परीक्षेसाठी पुन्हा वाचतो, आणि पुढे शिकवायला लागला की दरवर्षी वाचतो. दहादा वाचलेल्या पुस्तकात जे दिसतं ते एकदा वाचलेल्यात कसं दिसणार? बाईंना 'कोसला'त जे सापडलं ते खोटं नाही. पण तेवढा वेळ त्यांनी लोकप्रिय कादंबरीकार सुहास शिरवळकरांच्या एका तरी कादंबरीला दिला असेल असं मला वाटत नाही. एकीची दहा वाचनं आणि दुसरीचं नुसतं मुखपृष्ठ, अशा तुलनेतून निघालेल्या निकालाला आपण 'अभिरुची' म्हणतो.

आता लायब्ररीबद्दल. माझी सगळी नोकरी देवघेवीच्या टेबलामागे गेली, त्यामुळे या विषयावर मला थोडं लांबण लावू द्या.

एका वेळी एक पुस्तक, सात दिवस, फार तर पंधरा. उशीर झाला की दंड. अनामत भरलेली, दरमहा वर्गणी जाणारी, आणि ती वसूल झाली पाहिजे ही घरातल्या बाईची रास्त इच्छा. त्यामुळे संध्याकाळी एखादं पोरगं पिशवी घेऊन यायचं : 'आईने सांगितलंय, जाड द्या.' जाड म्हणजे आठवडाभर पुरणारं. पुस्तकाचं नाव सांगणारे कमी, लेखकाचं नाव सांगणारे जास्त. 'नवीन बाबा कदम आलंय का?' 'धारप द्या, पण हे वाचलंय.' वाचलंय की नाही हे ओळखायची युक्तीही बघण्यासारखी होती. प्रत्येकीचं एक ठरलेलं पान असायचं आणि त्या पानावर, समासात, तिची पेन्सिलीची बारीक खूण. कुणाचं टिंब, कुणाची फुली, कुणी पानाच्या आकड्याला गोल करायची. पुस्तक न्यायच्या आधी ते पान उघडायचं. आपली खूण दिसली की पुस्तक परत कपाटात. गोष्ट वाचून आठवण्यापेक्षा हे सोपं, कारण वर्षाला पन्नास-साठ कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या सगळ्यांची मिळून एकच लांबलचक कादंबरी झालेली असते. यात हसण्यासारखं काही नाही. तिला दुपारी दोन तास दुसऱ्या घरात जाऊन राहायचं असायचं, आणि ते घर तिला मिळत होतं. अशा वाचकाला जी कादंबरी थांबायला लावते, मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचायला लावते, ती 'रटाळ' वाटते. तिच्या बाजूने पाहिलं तर ते मत बरोबर आहे. सात दिवसांच्या मुदतीत मागे जायला जागा नसते.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' १९८७ साली आली. दोन खंड, हजारावर पानं, खोतांच्या चार पिढ्या. नियम एका वेळी एक पुस्तक, आणि खंड दोन म्हणजे दाखल क्रमांकही दोन, नियमाने दोन वेगळी पुस्तकं. एकाने पहिला खंड वाचून आणावा तर दुसरा खंड भलत्याच घरी गेलेला. तो येईपर्यंत पंधरा दिवस जायचे, माणसांची नाती विसरायला व्हायची. मग कुणी चिकाटीने थांबायचं, कुणी नाद सोडायचं. काही वर्षांनी दोन्ही खंडांच्या, पुस्तक देताना तारीख टाकायच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या खंडाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, दुसऱ्या खंडाची पहिलीच अजून अर्धी कोरी. त्या चिठ्ठ्या पाहून कुणी म्हणेल की कादंबरी उत्तरार्धात घसरते. मी दोन्ही खंड घरी ठेवून सलग वाचले आहेत, ती घसरत नाही. लोकांना दुसरा खंड वेळेवर मिळत नव्हता, एवढंच.

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. लंडनला मूडी नावाच्या माणसाने १८४२ साली वर्गणीवर पुस्तकं द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, एका वेळी एक खंड. तेव्हा इंग्रजी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि किंमत साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे देऊन विकत कोण घेणार? लोक लायब्ररीतूनच आणायचे. तीन खंड म्हणजे तीन वाचक एकाच वेळी गुंतणार, म्हणून मूडीला तीन खंड सोयीचे. मूडी शेकड्यांनी प्रती उचलायचा, म्हणून प्रकाशकाला सोयीचे. मग लेखकाने काय करायचं? गोष्ट दोन खंडांत संपत असली तरी तिसरा भरायचा. एखादी हरवलेली चुलती, एखादं मृत्युपत्र. घरातल्या मुलींसमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं काही असलं तर मूडी पुस्तक ठेवायचाच नाही, त्यामुळे काय लिहायचं नाही हेही त्याच्याच कपाटावर ठरायचं. अखेर १८९४ साली मूडीने आणि दुसऱ्या मोठ्या वाचनालयाने, स्मिथने, खंडाला चार शिलिंगांच्या वर देणार नाही असं जाहीर केलं आणि तीन-चार वर्षांत तीन खंडी कादंबरी जवळजवळ संपली. कादंबरीचं रूप बदलायला कुठल्या समीक्षकाची गरज पडली नाही.

आपल्याकडे उलट टोकाला भाड्याची वाचनालयं होती, रोजच्या भाड्यावर पुस्तक देणारी. तिथे जाड पुस्तक परवडायचं नाही. सकाळी न्यायचं, रात्री संपवायचं, दुसऱ्या दिवशी बदलायचं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा त्याच मापाच्या होत्या. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली त्यांनी. लोक नायकाच्या नावाने 'झुंजार' मागायचे, 'काळापहाड' मागायचे. पुस्तकाच्या नावाशी फारसं देणंघेणं नसायचं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला किती ओळी आल्या? कारण लिखाणाच्या दर्जात आहेच, ते मी नाकारत नाही. पण आणखी एक कारण आहे. ती पुस्तकं लोकांनी विकत घेऊन घरी ठेवली नाहीत. वाचनालयात ती हाताळून फाटायची, एकदा शिवली जायची आणि दुसऱ्यांदा रद्दीत जायची. ज्याची प्रत कपाटात नाही त्याच्यावर प्रबंध कोण लिहिणार? प्रणयकथा लिहिणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांचं तर याहून वेगळं. ती पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची पद्धत होती आणि 'काकोडकर वाचतो' असं उघडपणे कुणी सांगायचं नाही. १९६२च्या एका दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. गुंडाळून नेणं मात्र त्यानंतरही सुरूच होतं. वाचायचं सगळ्यांनी आणि मत कुणीच द्यायचं नाही, असा तो प्रकार.

याच्या बरोबर उलट जी पुस्तकं वाचण्याइतकीच भेट द्यायला विकत घेतली जातात, त्यांचं बघा. 'श्यामची आई', 'स्वामी', 'मृत्युंजय'. बक्षीस समारंभ, मुंज, दहावीचा निकाल, निवृत्तीचा निरोप. मराठी कादंबरीची एक आवृत्ती साधारण हजार प्रतींची. आवृत्त्यांवरून आपण लोकप्रियता मोजतो तेव्हा विकत घेणारे मोजतो; वाचनालयातली एकच प्रत दोनशे घरं फिरून आलेली असते, तिचा हिशेब कुठेच लागत नाही. आणि भेट आलेली प्रत शोकेसमध्ये वेष्टणासकट उभी असते, तिचा मात्र लागतो. या पुस्तकांना मी नावं ठेवत नाही, तीनही माझ्या आवडीची आहेत. पण 'अमक्याच्या पन्नास आवृत्त्या निघाल्या, म्हणजे ते पन्नास पट वाचलं गेलं' असं तुमच्या बैठकीत कुणी म्हणालं तर मान डोलवायची घाई करू नका.

आता तुमची 'मृत्युंजय'. १९६७ची कादंबरी. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि शेवटी श्रीकृष्ण, असे सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात. शिवाजी सावंतांचं वाक्य भरजरी, विशेषणांवर विशेषणं, एका दुःखाला तीन उपमा. मे महिन्याची सुट्टी, दुपारचे चार-चार तास, घरात दुसरी करमणूक नाही, वय सोळा. त्या वयात आपल्यावर अन्याय झालाय असं प्रत्येकालाच वाटत असतं आणि समोर कर्ण! शिवाय तुम्ही ती वाचत नव्हता, मनातल्या मनात ऐकत होता. अशा भाषेला सलग वेळ लागतो. पहिली पंचवीस-तीस पानं कानाला सवय व्हायला जातात, मग ती तुम्हाला वाहून नेते. आज तुम्ही ती कशी वाचलीत? पत्रात लिहिलं नाही, पण माझा अंदाज सांगतो : रात्री दिवसभराचं आवरून, झोपायच्या आधी वीस मिनिटं, उशाशी फोन. वीस मिनिटांत ती भाषा नुसतीच कानावर आदळते, वाहायला लागतच नाही. त्यात रागाने हातात घेतलेली, बाईंना उत्तर म्हणून. असं वाचलेलं कुठलंही पुस्तक आवडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगतो. मधल्या वर्षांत तुम्ही शेकडो कादंबऱ्या वाचल्यात. साध्या, बोलीतल्या गद्याची सवय झाली. मिलिंद बोकिलांची 'शाळा' वाचलेल्या माणसाला एका दुःखाला तीन उपमा नकोशा वाटतात, त्याला इलाज नाही. वि. स. खांडेकरांचं असंच झालं. 'ययाति' १९५९ची, तिलाच पुढे १९७४ साली मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं. तमिळ अनुवादांमुळे खांडेकर तिकडेही घरोघर वाचले गेले. त्या काळच्या वाचकांकडे एक वही असायची, सुविचारांची. खांडेकरांचं पुस्तक परत यायचं तेव्हा काही वाक्यांखाली रेघा असायच्या, आणि ती वाचणाऱ्याने वहीत उतरवलेली असणार हे न विचारता कळायचं. त्या वहीसाठी वाचणाऱ्याला खांडेकर पानापानावर माल देतात. वही गेली. आता वाचणाऱ्याला तीच वाक्यं गोष्टीच्या मधे उभी राहिलेली वाटतात. खांडेकर तेच आहेत.

म्हणून 'मृत्युंजय'चं एवढंच करा : पहिल्या पानापासून सुरू करू नका. कुंतीचा भाग उघडा, एखाद्या सुट्टीच्या दुपारी, घरात कुणी नसताना, आणि दहा पानं मोठ्याने वाचा. लागली गोडी तर लागली. नाही लागली तर पुस्तक कपाटात ठेवा आणि अकरावीतल्या सुट्टीवर बोट ठेवू नका. एकदा आवडलेलं पुन्हा आवडलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

'कोसला'कडे वळतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. १९६३ साली ती आली तेव्हा तिचा लेखक पंचविशीतला आणि नायकही पंचविशीतला. त्याआधी तीस-चाळीस वर्षं मराठी वाचकाला कॉलेजची सवय ना. सी. फडक्यांनी लावलेली. फडक्यांचे नायक कॉलेजात जायचे ते प्रेमात पडायला. अशा वाचकासमोर खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला येऊन मेसचं जेवण, गॅदरिंगचा हिशेब, बापाशी न जमणं असलं काहीतरी, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पेरत सांगायला लागला. गोष्ट शोधत आलेल्यांना ती थट्टा वाटली. पण त्याच सुमाराला खेड्यांतून शहरात शिकायला आलेली मुलं वसतिगृहांत गर्दी करत होती. त्यांनी ती एका कॉटवर बसून एकमेकांना वाचून दाखवली. मग ती नेमली गेली, तिच्यावर लेख आले, नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं. आता जो कुणी ती उघडतो तो 'अभिजात कादंबरी' उघडतो, ताठ बसून. माझ्या मते हीच तिची सगळ्यात मोठी अडचण झाली आहे. ती अतिशय हसवणारी कादंबरी आहे आणि ताठ बसलेल्या माणसाला हसू येत नाही.

दोन रात्रींत संपवून 'गोष्ट कुठेय' विचारणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचं मला नवल वाटत नाही. ती वेगाची सवय रहस्यकथेची. आणि तुम्ही पहिल्या रविवारची तारीख डोळ्यांसमोर ठेवून वाचत होता, म्हणजे पुन्हा मुदत, पुन्हा दंडाची भीती. घरात किंवा नात्यात वसतिगृहात राहून आलेला कुणी तरुण असेल तर त्याला दहा पानं मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. मग धाकट्या बहिणीच्या मरणाची पानं मात्र एकटीने वाचा. त्या पानांना हसणाऱ्या आवाजाची पार्श्वभूमी असल्याशिवाय ती इतकी का लागतात हे कळत नाही, आणि साठाव्या पानावर थांबलेल्याला ती भेटतच नाहीत. हे करूनही नाही आवडली तर बाईंना सरळ सांगा, 'नाही आवडली.' ते मतही मग तुमचं स्वतःचं असेल.

तुमच्या गटात फोनवर हप्त्यांनी वाचणारी एखादी असेलच. तिला हसू नका, हे मुद्दाम लिहितो, कारण हल्ली सगळ्यांचा रोख तिच्यावर असतो. २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपी या ॲपवर हजारो मराठी बायका भागाभागांनी लिहितात, वाचतात, आणि प्रत्येक भागाखाली 'पुढचा भाग कधी?' असं विचारतात. २०१७ पासून स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप आलं, तिथे तर भागांच्या मापानेच लिहून घेतलेल्या मालिका आहेत. दर भागाच्या शेवटी दार वाजतं नाहीतर फोन येतो. लिखाण बरंचसं सुमार आहे. पण हप्त्यांनी वाचणं हीन असतं असं म्हणाल तर ह. ना. आपट्यांचं काय करायचं? १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातच हप्त्याहप्त्याने छापली. पुस्तक झालं १८९३ साली. म्हणजे तिची नायिका यमू, हिची कहाणी लोकांनी आठवड्याआठवड्याने, काही वर्षं, तिच्यासोबत वय वाढवत वाचली. आज ती जाडजूड पुस्तक म्हणून चार दिवसांत वाचणाऱ्याला ती लांबण वाटते : यमू मधेच थांबते, मागचं पुन्हा सांगते, वाचकांना विनवते. हप्त्यासाठी वाट पाहणाऱ्याला ते मागचं पुन्हा सांगणं हवंच होतं. मी एकदा ती रोज एक प्रकरण अशी वाचली, जेवणानंतर, आणि पुढचं प्रकरण उघडायचं नाही असं ठरवून. एकोणिसाव्या शतकातल्या त्या घरातली सासुरवासाची घुसमट मला चार दिवसांच्या वाचनात कधी जाणवली नव्हती इतकी जाणवली. पुढच्या घटनेची घाई नसली की त्या मुलीचे दिवस किती लांब होते ते कळतं.

मग सगळंच सवयीवर का? चांगलं-वाईट काही उरतच नाही का, असं बाई विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त असेल. उरतं. माझी कसोटी साधी आहे. कादंबरी वेगवेगळ्या तऱ्हेने वाचून बघायची. सलग वाचून टिकली, तुकड्यांनी टिकली, मोठ्याने टिकली, वीस वर्षांनी टिकली, तर तिच्यात आपल्या सवयीपलीकडचं काहीतरी आहे. फडक्यांची 'दौलत' मी दोन-तीन तऱ्हांनी वाचून पाहिली. ती फक्त त्या काळच्या एका विशिष्ट वयाच्या वाचकासाठी होती, तो वाचक उठून गेल्यावर मागे फार काही राहिलं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मात्र मी देवघेवीच्या टेबलावर दोन वाचकांच्या मधल्या वेळात वाचली आहे, एका बैठकीत वाचली आहे आणि आजारपणात दुसऱ्याकडून वाचून घेतली आहे. दीडशेच्या आतबाहेर पानं. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरगेला मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने वाडी सोडून चाललेली माणसं. एकदाही कमी पडली नाही.

पुढच्या महिन्याबद्दल. मतदानही नको आणि बाईंचा हुकूमही नको, एक महिना हे, एक महिना ते, असं चालू द्या. पण पुस्तकाआधी बैठकीची रीत बदला. मत द्यायच्या आधी प्रत्येकीने सांगायचं : किती दिवसांत वाचली, कुठे बसून, कागदावर की फोनवर, किती पानं टाकून, शेवट आधी वाचला का. बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील, आणि उरलेली निम्मी भांडण्यासारखी असतील. पहिल्यांदा 'बनगरवाडी' घ्या. अट एकच, सगळ्यांनी एकाच दिवशी, एका बैठकीत वाचायची. म्हणजे निदान एकदा तरी आठ जणींची आठ मतं एकाच तऱ्हेच्या वाचनातून आलेली असतील आणि खरा फरक कुठे आहे ते दिसेल.

त्याच्या पुढच्या महिन्यात बाईंना एक विनंती करा, अगदी आदराने. त्यांनी सुहास शिरवळकरांची एक कादंबरी पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचायची, नेमलेलं पुस्तक असल्यासारखी, आणि वीस मिनिटं तिच्यावर बोलायचं. कोणती, असं त्या विचारतील. 'दुनियादारी' देऊ नका. २०१३चा सिनेमा पाहून त्यांचं मत आधीच झालेलं असणार. दुसरी कुठलीही द्या, मात्र विकत आणून नको. तुमच्या लायब्ररीतली, पुन्हा बांधणी केलेली, सात दिवसांच्या बोलीवर.